भंगारातली ‘वॉशिंग मशीनची मोटर’: चुंबकाची कोणती आणि बिनचुंबकाची कोणती

घरगुती पवनचक्कीसाठी वॉशिंग मशीनची मोटर घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. पण या एका नावाखाली भंगारात दोन अगदी वेगळ्या मोटरी मिळतात. एक पट्ट्याने ड्रम फिरवणारी गोल डब्यासारखी इंडक्शन मोटर. दुसरी ड्रमच्या मागे थेट बसवलेली, थाळीसारखी चपटी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर. (कार्बन ब्रशवाली तिसरीही मिळते, तिला वेग फार लागतो आणि ब्रश झिजतात, ती सोडून द्या.) वाइंडिंग, म्हणजे वायरीची गुंडाळी, दोन्हींत असतं, खरा फरक रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात आहे. डायरेक्ट ड्राइव्हच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. इंडक्शनच्या रोटरमध्ये लोखंडी पत्र्यांत ओतलेला ॲल्युमिनियमचा पिंजरा असतो, बस. वायरिंग कितीही बदललं तरी त्या पिंजऱ्याला चुंबक फुटत नाही, आणि बहुतेकांची मेहनत वाया जाते ती इथेच.

ओळखायला मिनिटभर पुरतं. शाफ्ट हाताने फिरवा: चुंबकाच्या मोटरीत हाताला खटके लागतात, इंडक्शन मोटर गुळगुळीत फिरते. मग तिन्ही वायरी एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. चुंबकाची मोटर एकदम जड होते, इंडक्शनमध्ये काहीच बदलत नाही. वायरी सोडवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला तर चुंबकाची मोटर हाताने फिरवूनही ठसठशीत आकडा दाखवते.

वायरिंग बदलायची ती याच चुंबकाच्या मोटरीची. एलजीच्या नेहमीच्या मोटरीत स्टेटरला (वाइंडिंगवाल्या स्थिर भागाला) 36 दात आणि रोटरवर 48 ध्रुव असतात, फिशर अँड पायकेलच्या जुन्या मोटरीत 42 आणि 56. दोन्हीकडे प्रमाण 3:4 आहे. त्यामुळे दर तिसरा दात एकाच फेजचा (तीनपैकी एका कॉइल-संचाचा) असतो आणि एका फेजच्या सगळ्या कॉइल्समध्ये व्होल्टेज एकाच क्षणी चढतं-उतरतं. म्हणूनच त्या हव्या तशा गटांत जोडता येतात. कारखान्यातून मात्र एलजीच्या फेजमधल्या 12 कॉइल्स एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये येतात, आणि व्होल्टेज बॅटरीच्या मानाने फारच जास्त निघतं.

किती गट करायचे हे मोजून ठरवा, अंदाजाने नको. समजा, ड्रिलने 300 आरपीएमवर फिरवल्यावर दोन वायरींमध्ये 120 व्होल्ट एसी मिळाले. 2 मीटर व्यासाचं पातं, टोकाचा वेग वाऱ्याच्या 6 पट धरला, तर 3 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात साधारण 170 आरपीएमने फिरतं. तेव्हा 68 व्होल्ट एसी, म्हणजे रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या संचानंतर) विनालोड सुमारे 96 व्होल्ट डीसी. 24 व्होल्टच्या बॅटरीसाठी 4 कॉइल्स सिरीजमध्ये आणि असे 3 गट पॅरललमध्ये केले, की 32 व्होल्ट उरतात. डायोडचे दीड व्होल्ट वजा जाऊनही चार्जिंग सुरू होतं. 3 सिरीज, 4 गट केले तर 24 वरच अडकतं आणि मंद वारा फुकट जातो. कॉइल्स गटांत वाटल्याने वीज वाढत नाही, हे लक्षात असू द्या. व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्यावर येतं, करंट तिप्पट पेलतो, वाइंडिंगचा रेझिस्टन्स नवव्या हिश्श्यावर येतो. तांबं तेवढंच राहतं.

कापण्याआधी प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकावर मार्करने ठिपका द्या. दातांमधल्या जोडवायरी मधोमध कापा, इनॅमल पूर्ण खरवडा, डाख द्या, स्लीव्ह चढवा. काही स्टेटरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर असते. तिला साधा डाख धरत नाही, तिथे क्रिंप (दाबून बसवायचा जोड) लागतो. खरवडल्यावर आत पांढरा धातू दिसला तर तिथेच थांबा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एखादा गट उलटा जोडणं. सिरीजमध्ये एक कॉइल उलटी गेली तर दोन कॉइल्सचं व्होल्टेज जातं, पॅरललमध्ये उलटा गट गेला तर करंट आतल्या आत फिरून वाइंडिंग जळतं. म्हणून दोन गटांच्या सुरुवाती जोडून शेवटची टोकं मोकळी ठेवा आणि रोटर फिरवून त्या टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. जवळपास शून्य आलं तरच ती टोकं जोडा. तिन्ही फेज शेवटी स्टारमध्येच (प्रत्येकीचं एक टोक एकत्र जोडून) ठेवा. डेल्टात (टोकाला टोक जोडून केलेल्या त्रिकोणात) व्होल्टेज 1.73 पटीने घटतं, शिवाय तिसऱ्या हार्मोनिकचा (तिप्पट वारंवारतेचा) करंट आत फिरून पाती जड होतात.

इंडक्शन मोटरीची कथा वेगळी. 50 हर्ट्झची 4 ध्रुवांची मोटर 1500 आरपीएमच्या आसपास चालण्यासाठी बनवलेली असते. कपॅसिटर लावून ती वीज देते, पण रोटरच्या लोखंडात थोडं अवशिष्ट (आधीचं उरलेलं) चुंबकत्व हवं आणि वेग जवळपास तेवढाच हवा. तेच 2 मीटरचं पातं 5 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात 290 आरपीएमच देतं, म्हणजे पाचपट गिअर आला आणि त्यातला तोटाही. लोड जास्त झाला की व्होल्टेज कोसळतं. त्यापेक्षा रोटर लेथवर उतरवून निओडिमियम चुंबक चिकटवणं बरं, शक्यतो 6 किंवा 8 ध्रुवांच्या मोटरीत. चुंबकांची रांग स्टेटरच्या एका स्लॉटइतकी (दोन दातांमधल्या अंतराइतकी) तिरकी ठेवली नाही तर खटके इतके बसतात की पातं सुरूच होत नाही. साधे निओडिमियम 80 अंशांच्या वर ताकद गमावतात, म्हणून हवा खेळती हवी. इथे वाइंडिंगला बहुधा हातही लावावा लागत नाही: 1500 आरपीएमवर 230 व्होल्टसाठी केलेलं वाइंडिंग 300 वर त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास देतं.

ब्रेकमध्येही या मोटरी वेगळ्या वागतात. चुंबकाच्या मोटरीत तिन्ही वायरी शॉर्ट केल्या की पातं मंदावतं, पण गट पाडल्यावर वाइंडिंगचा रेझिस्टन्स इतका कमी झालेला असतो की लांब, बारीक केबलच ब्रेक ढिला करते. स्विच मनोऱ्याच्या पायथ्याशी, जाड वायरीवर बसवा आणि वारा पडलेला असताना ओढा. सोसाट्यात ओढला तर वाइंडिंग तापून जाऊ शकतं. कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर मात्र शॉर्ट करताच चुंबकत्व गमावते आणि पाती मोकाट सुटतात, म्हणून तिला यांत्रिक ब्रेकच लागतो.