अँड्रॉइडवर लिबयूएसबीची बांधणी व स्थापना

लिबयूएसबी ही सी भाषेतील मुक्त स्रोत लायब्ररी आहे. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर न लिहिता यूएसबी उपकरणाशी थेट बोलण्यासाठी ती वापरतात. अँड्रॉइडमध्ये ३.१ आवृत्तीपासून (एपीआय पातळी १२) जावातून यूएसबी होस्टची, म्हणजे जोडलेले उपकरण फोनने चालवण्याची, सोय आहे आणि सिरियल अडॅप्टरसारख्या साध्या उपकरणांना ती पुरते. मात्र तिच्यात आयसोक्रोनस ट्रान्सफर (ठरावीक वेळेला अखंड डेटा पाठवण्याची पद्धत) नाही. वेबकॅम आणि ऑडिओ इंटरफेस बहुधा त्यावरच चालतात, त्यामुळे तिथे नेटिव्ह (सी भाषेतल्या) लायब्ररीवाचून सुटका नसते. डेस्कटॉपवरचा जुना सी कोड फोनवर आणतानाही लिबयूएसबीच सोयीची पडते. आयफोनवर साध्या ॲपला यूएसबी उपकरण असे उघडताच येत नाही, म्हणून ही नोंद अँड्रॉइडपुरती आहे.

बांधणी हा यातला सोपा भाग. स्रोतासोबत अँड्रॉइडसाठीचा वेगळा फोल्डर येतो. त्यातल्या ‘जेएनआय’ फोल्डरमध्ये जाऊन एनडीकेची (अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायच्या साधनसंचाची) ‘एनडीके-बिल्ड’ ही आज्ञा चालवायची. कॉन्फिगरची पायरी लागत नाही, कारण त्या पायरीतून निघणारी हेडर फाईल आधीच तयार दिलेली असते. ‘लिब्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक एबीआयची, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराची (आर्म ३२ व ६४ बिट, एक्स८६ ३२ व ६४ बिट) वेगळी फाईल तयार होते. ‘ओबीजे’ फोल्डरमधली जाडजूड प्रत फेकू नये. क्रॅशचा माग काढायला लागणारी चिन्हे (फंक्शनांची नावे वगैरे) तिच्यातच असतात.

फाईलच्या नावात हमखास गफलत होते. डेस्कटॉपवर ‘लिबयूएसबी’ आणि ‘१.०’ यांच्यामध्ये आडवी रेघ असते, इथे नसते. जावातून लोड करताना पुढचे ‘लिब’ आणि मागचे ‘.एसओ’ गाळून उरलेले ‘यूएसबी१.०’ एवढेच द्यायचे. रेघ घातली की लायब्ररी सापडत नाही असा संदेश येतो आणि माणूस तासभर फोल्डर तपासत बसतो.

अँड्रॉइड १५ पासून १६ केबी मेमरी पानांच्या उपकरणांना आधार आहे. एनडीके आर२८ आपोआप तशी बांधणी करते. त्याआधीच्या आवृत्तीत लिंकरला (बांधणीत तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) पानाचा कमाल आकार १६३८४ असा सांगावा लागतो. ४ केबीच्या हिशेबाने बांधलेली फाईल अशा फोनवर लोड न होण्याची शक्यता असते.

स्थापनेची जुनी रीत म्हणजे रूट केलेल्या (सर्वाधिकार मिळवलेल्या) फोनवर सिस्टिम विभाग लिहिण्याजोगा करून फाईल तिथल्या ‘लिब’मध्ये टाकणे, परवानगी ६४४ ठेवणे आणि विभाग पुन्हा बंद करणे. ही रीत आता जवळजवळ निरुपयोगी आहे. अँड्रॉइड ७ पासून फोनवरचा, लायब्रऱ्या लोड करणारा लिंकर ॲपला सिस्टिममधल्या खासगी लायब्रऱ्या देत नाही आणि नव्या फोनवर तो विभाग सहजी लिहिण्याजोगा होतही नाही. फाईल ॲपच्या ‘जेएनआयलिब्स’ फोल्डरमध्ये, एबीआयच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवावी, म्हणजे ती एपीकेबरोबरच फोनवर जाते. लायब्ररीचा परवाना एलजीपीएल (लायब्ररी बदलण्याची मुभा राखणारा मुक्त परवाना) असल्यामुळे ती आपल्या कोडात मिसळण्यापेक्षा अशी सुटी ‘.एसओ’ ठेवणे सोयीचेही आहे.

खरी अडचण उपकरण उघडताना येते. साध्या ॲपला एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा यूएसबीच्या डिव्हाइस फाईल उघडू देत नाही. उपकरण जावातच उघडावे लागते: यूएसबी मॅनेजरकडून उपकरण घ्यायचे, वापरकर्त्याची परवानगी मागायची, कनेक्शन उघडायचे आणि त्याचा फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे एक साधा पूर्णांक, सी कोडकडे द्यायचा. तिथे लायब्ररी सुरू करण्याआधी ‘नो डिव्हाइस डिस्कव्हरी’ हा पर्याय लावायचा (जुन्या कोडात ‘वीक ऑथॉरिटी’ दिसते ते हेच), मग सुरुवात, मग ‘रॅप सिस डिव्हाइस’ या फंक्शनला तो पूर्णांक. हे फंक्शन १.०.२३ मध्ये आले. त्याआधीची प्रत घेऊ नये.

‘नो डिव्हाइस डिस्कव्हरी’मुळे शोध बंद असल्याने उपकरणांची यादी रिकामीच येते. व्हेंडर व प्रॉडक्ट क्रमांकावरून उघडणारे फंक्शन त्यामुळे काहीच परत देत नाही, आणि डेस्कटॉपचा कोड पहिल्यांदा अडतो तो इथेच. केबल काढल्याची खबरही जावाच्या ब्रॉडकास्टमधूनच (सिस्टिमच्या सूचनेतून) घ्यावी. जावातले कनेक्शन सी बाजूचे काम संपेपर्यंत जिवंत ठेवणे आवश्यक आहे; ते बंद झाले की डिस्क्रिप्टर मेला. उलट बाजूने, लिबयूएसबी हँडल (उघडलेल्या उपकरणाची तिची नोंद) बंद करते पण डिस्क्रिप्टर बंद करत नाही, ते काम जावाचे. बंद करण्याचा क्रमही हाच: आधी हँडल, मग कनेक्शन.

परवानगीतही खाचखळगे आहेत. ॲपला कोणती उपकरणे हवीत ते सांगणाऱ्या फिल्टर फाईलमध्ये व्हेंडर व प्रॉडक्ट क्रमांक दशमान पद्धतीने लिहितात. डेटाशीटवरचा षोडशमान ०४०३ तिथे १०२७ होतो. अँड्रॉइड १२ पासून परवानगीचा पेंडिंग इंटेंट (उत्तर ॲपकडे आणणारा निरोप) ‘म्युटेबल’, म्हणजे बदलता येणारा, असावा लागतो, नाहीतर होकार देऊनही उत्तर नकाराचेच दिसते. अँड्रॉइड ९ किंवा पुढची पातळी लक्ष्य असलेल्या ॲपला वेबकॅमसाठी कॅमेऱ्याची परवानगीही आधी घ्यावी लागते.

त्रुटी -३ म्हणजे प्रवेश नाकारला; बहुधा कोड अजून उपकरण थेट उघडू पाहत आहे. -६ म्हणजे इंटरफेस कर्नल ड्रायव्हरने धरला आहे. तो सोडवून मग ताब्यात घ्यावा. काम चालू असताना -४ आला तर उपकरण गेले, आणि याचे कारण पुष्कळदा कोडात नसून विजेत असते. यूएसबी २.० उपकरण ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागू शकते, सगळे फोन तेवढे देत नाहीत. मधे स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब लावून पाहावा. मायक्रो यूएसबीच्या फोनला ओटीजी केबलच हवी, कारण आयडी पिन ग्राउंडला जोडलेली असल्याशिवाय फोन होस्ट होत नाही.