रुळांच्या वळणात घन फलन का आले

सुरुवातीच्या रेल्वेमार्गांवर सरळ रूळ थेट वर्तुळाच्या कंसाला जोडलेला असे. नकाशावर हा सांधा दिसतही नाही, कारण रेषा कंसाला स्पर्श करूनच वळते. वक्रता मात्र तिथे शून्यावरून एकदम पूर्ण होते. १,००० मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी १०० किमी वेगाने अशी शिरली, तर ०.७७ मी/से² एवढे आडवे त्वरण एका क्षणात येऊन आदळते. शिवाय बाहेरचा रूळ उंच करायचा (रेल्वेच्या बोलीत ‘कँट’ द्यायचा) तो नेमका कुठून? सरळ भागात उचलणे चूक आणि कंसात शिरल्यावर उचलणे म्हणजे उशीर.

गाड्या मंद होत्या तोवर हे खपून गेले. तरी १८२८-२९ च्या सुमारासच अभियंते विल्यम ग्रॅव्हॅट यांनी साइनवक्र सुचवला होता. पुढे १८४२ च्या आसपास विल्यम फ्रूड यांनी वाकवलेल्या लवचीक पट्टीच्या आकाराजवळ जाणारा जोडवक्र (सरळ रूळ आणि कंस यांना जोडणारा मधला वक्र) मांडला. जहाजांच्या प्रतिकृतींवरील प्रयोगांमुळे पुढे गाजलेले फ्रूड ते हेच. अभियंते रँकिन यांच्या १८६२ च्या स्थापत्यग्रंथात या वक्राचे जे समीकरण छापले आहे, ते घन फलनाचे आहे, म्हणजे त्यात अंतराचा घन येतो.

घनच का? घन फलनाचे दोनदा विकलन केले (म्हणजे बदलाचा दर दोनदा काढला) की एकघाती फलन उरते. उतार लहान असेल तर दुसरा विकलज म्हणजेच वक्रता. म्हणून ती अंतराच्या प्रमाणात एकसारखी वाढते आणि कँटही तिच्याबरोबर चढवता येतो. हा गुण तंतोतंत पाळणारी सर्पिल गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्येच दिली होती, पण तिचे निर्देशांक काढायला अनंत श्रेणी लागते. साखळी घेऊन उन्हात उभ्या असलेल्या सर्वेक्षकाला घनाचे कोष्टक पुरते!

भारतीय रेल्वेही हाच ‘क्युबिक पॅराबोला’ वापरते. सरळ रेषेपासूनचे विचलन = अंतराचा घन ÷ (६ × त्रिज्या × जोडवक्राची लांबी). वरच्याच वळणाला ७५ मिमी कँट दिला, तर जोडवक्राची लांबी ०.००८ × कँट × वेग, म्हणजे ०.००८ × ७५ × १०० = ६० मीटर येते. मग १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० मीटरवर विचलने अनुक्रमे ३, २२, ७५, १७८, ३४७ आणि ६०० मिमी. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते: मूळ वर्तुळ आत सरकवायचे राहून जाते. ही सरक म्हणजे लांबीचा वर्ग ÷ (२४ × त्रिज्या), इथे १५० मिमी. ती दिली नाही तर जोडवक्राचे टोक कंसाला भेटतच नाही.

या प्रतिमानाला मर्यादा आहे. सरळ रेषेशी कोन २४° ५′ झाला की घन वक्राची वक्रता वाढायची थांबते आणि पुढे उलट घटू लागते. आपल्या उदाहरणात शेवटचा कोन जेमतेम १.७° आहे, त्यामुळे काळजी नाही.

रूळ घातल्यावर तपासणी २० मीटरच्या दोरीने, दर १० मीटरवर. दोरीच्या मध्याशी रुळाचे अंतर, म्हणजे व्हर्साइन, कंसात ५० मिमी हवे. जोडवक्रात ते ८, १७, २५, ३३ असे समान पावलांनी चढायला हवे. १७, २५, ३३ ऐवजी १४, ३१, ३० आले, तर तिन्ही ठिकाणे बिघडलेली नसतात. मधला एकच बिंदू ६ मिमी बाहेर सरकलेला असतो: त्याचे व्हर्साइन ६ ने वाढते आणि शेजाऱ्यांचे प्रत्येकी ३ ने घटते. तेवढाच बिंदू ६ मिमी आत ढकलायचा, शेजारच्यांना हात लावायचा नाही.