रायफल नेमबाजीतील अचूकतेचे सांख्यिकीय मोजमाप

एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्या लक्ष्यावर कशा विखुरतात, हे मोजून रायफल, दारूगोळा आणि नेमबाज यांची अचूकता ठरवण्याची ही पद्धत आहे. तीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : छिद्रांचा मध्य लक्ष्यकेंद्रापासून किती सरकला आहे आणि छिद्रे त्या मध्याभोवती किती पसरली आहेत. सरकलेला मध्य साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचे, स्क्रू फिरवून जागेवर आणता येतो. विखुरणे मात्र तसे कमी होत नाही.

नाशिकमध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेली भोसला सैनिकी शाळा आणि निवृत्त पोलीस अधिकारी व क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांचे मार्गदर्शन यांमुळे नेमबाजीची चांगली परंपरा निर्माण झाली. अन्य ठिकाणांप्रमाणे येथेही रायफलीची पारख बहुधा ‘ग्रुप’वरून, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतरावरून केली जाते. हे माप सोपे असले तरी फसवे आहे, कारण ते फक्त दोन छिद्रांवर अवलंबून असते आणि गोळ्या वाढल्या की आपोआप वाढते. विखुरणे सर्व दिशांना सारखे व प्रसामान्य वितरणाप्रमाणे (मध्याजवळ दाट, दूर विरळ) आहे असे मानले, तर ग्रुपची सरासरी रुंदी ३ गोळ्यांना प्रमाण विचलनाच्या (एका दिशेतील विखुरण्याच्या मापाच्या) सुमारे २.४ पट, ५ गोळ्यांना ३.१ पट आणि १० गोळ्यांना ३.८ पट येते. शिवाय ५ गोळ्यांचे ग्रुप त्याच रायफलीतूनही आपल्या सरासरीच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक इकडेतिकडे होतात. त्यामुळे खिशात जपून ठेवलेला एखादा सुरेख ग्रुप रायफलीबद्दल फार थोडे सांगतो.

म्हणून प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर मोजून त्यांची सरासरी काढणे अधिक विश्वसनीय असते. ही अंतरे रॅले वितरण, म्हणजे अशा विखुरण्यातून येणारे अंतरांचे ठरावीक वितरण, पाळतात. त्यांची सरासरी प्रमाण विचलनाच्या १.२५ पट असते आणि निम्म्या गोळ्या १.१८ पट त्रिज्येच्या वर्तुळात पडतात. १० मीटर एअर रायफलच्या दशांश गुणपद्धतीत हे अंतर जवळजवळ थेट वाचता येते, कारण त्रिज्येत प्रत्येक ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. छर्‍याचा मध्य केंद्रापासून १ ते १.२५ मिलिमीटरवर असेल तर १०.५ गुण मिळतात. मात्र या गुणांत विखुरणे आणि मध्याचे सरकणे दोन्ही मिसळलेले असतात.

प्रमाण विचलनाच्या अंदाजातील सापेक्ष त्रुटी ५ गोळ्यांना सुमारे २५ टक्के, २६ गोळ्यांना १० टक्के आणि १०१ गोळ्यांना ५ टक्के असते. म्हणजे छर्‍यांच्या दोन डब्यांच्या विखुरण्यात १० टक्क्यांचा फरक असेल, तर तो पाच-पाच गोळ्यांच्या चाचणीत कळणे जवळजवळ अशक्य आहे. वेगवेगळ्या कारणांचे विखुरणे वर्गांच्या बेरजेने एकत्र होते : नेमबाजाचे ४ मिलिमीटर आणि रायफलीचे ३ मिलिमीटर मिळून ५ होतात (१६ + ९ = २५), आणि रायफलीचे विखुरणे निम्मे करणारी महागडी नळी बसवली तरी एकूण सुमारे ४.३ राहतेच. पालकांनी नवी रायफल घेण्यापूर्वी हा हिशेब पाहणे इष्ट ठरेल. रायफल शिकंज्यात घट्ट धरून चाचणी घेतली की नेमबाजाचा भाग वगळता येतो.

साइट जुळवतानाही हेच गणित लागू होते. ग्रुपच्या मध्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्याच्या जागेच्या अंदाजातील अपेक्षित चूक, गोळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. उलट प्रत्येक गोळीनंतर तिच्या चुकीइतकी साइट हलवत राहिल्यास विखुरणे सुमारे १.४ पट वाढते.

उघड्या ५० मीटर रेंजवर वाऱ्याने आडवे आणि गोळीच्या वेगातील फरकाने उभे विखुरणे वाढते, तेव्हा वर्तुळाकार गृहीतक टिकत नाही आणि दोन्ही दिशांचे विचलन स्वतंत्र काढावे लागते. नाशिकजवळच्या देवळाली येथे ज्याचे प्रशिक्षण दिले जाते त्या तोफखान्याच्या शास्त्रातही पल्ला आणि दिशा यांची संभाव्य त्रुटी वेगवेगळी धरतात. ही त्रुटी म्हणजे त्या दिशेतील प्रमाण विचलनाचा ०.६७ भाग, ज्याच्या आत दोन्ही बाजू मिळून निम्मे गोळे पडतात.