चक्रीय अर्थव्यवस्था आणि सामाईक संपदा: गल्लत नेमकी कुठे होते

भांडवलशाहीला पर्याय काय, अशी चर्चा निघाली की चक्रीय अर्थव्यवस्था आणि सामाईक संपदा ही दोन नावं हमखास जोडीने येतात. दोन्ही निसर्गाच्या बाजूची, दोन्ही ओरबाडण्याच्या विरोधातली, म्हणून एकाच माळेत ओवली जातात. पण चक्रीय अर्थव्यवस्था विचारते, वापरून झालेल्या मालाचं पुढे काय होतं? सामाईक संपदेचा, म्हणजे पाणी, कुरण, जंगल अशा सगळ्यांच्या मिळून असलेल्या गोष्टींचा, प्रश्न असा, की ही कोणाची, आणि तिच्याबद्दल ठरवायचं कोणी?

साखर कारखाना घ्या. १०० टन ऊस गाळला की साधारण ३० टन चोथा निघतो, कारखान्याच्या भाषेत बगॅस. तो बॉयलरमध्ये जळतो, त्याच वाफेवर कारखाना चालतो, आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प असेल तर जास्तीची वीज विकली जाते. मळीपासून इथेनॉल होतं. रस गाळून उरलेल्या गाळाचं, म्हणजे प्रेसमडचं, खत पुन्हा उसाच्याच सरीत पडतं. चक्रीयता म्हणतात ती हीच, आणि आपल्याकडे हे शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता पाण्याकडे बघा. राज्याच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम ४ टक्के, पण सिंचनाच्या पाण्यातला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा ऊस पितो, असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं, पण ज्याची बोअर खोल त्याच्या शेतात ते जातं. कारखान्याच्या आवारातलं चक्र कितीही चोख असलं तरी या भानगडीला ते हातही लावत नाही.

इथे कोणी म्हणेल, पण कारखाना तर सहकारी आहे! खरं आहे, प्रवरानगरचा १९५० पासून आहे. मात्र सभासदाच्या मालकीत कारखान्याचा शेअर येतो. नदी आणि भूजल येत नाही.

सामाईक म्हणजे काय ते धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत दिसतं. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारा घालून पाट काढलेला, त्याखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली. एका फडात त्या हंगामात एकच पीक, आणि उसाचा फड कोणता हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी पाटकरी देणार, म्हणजे त्या कामावर नेमलेला माणूस. शेतकऱ्याने मनाला येईल तेव्हा पाटाचं बारं फोडून पाणी घ्यायचं नाही. साधारणपणे प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असतो, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना बसते. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. उपदेश न करता माणसाला शेजाऱ्याचा विचार करायला लावते.

पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे असं मांडलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते कोणीही यावं, कितीही चारावं असं रान. त्यावर राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं उत्तर असं, की जिथे माणसं नियम करतात, लक्ष ठेवतात आणि मोडणाऱ्याला दंड करतात, तिथे कुरण टिकतं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सामाईक म्हणजे बाजाराशी फारकत, असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा मिळून हक्क, मिळवला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकते. व्यापारी त्या बांबूचं पुढे काय करतो, तो चक्रात फिरतो की कचऱ्यात जातो, हे गावाच्या हातात नाही. कोणता बांबू, कधी आणि किती तोडायचा, हे मात्र आहे.

म्हणून भांडवलशाहीला पर्याय कोणता, तर माझ्या मते चक्रीय अर्थव्यवस्था एकटी तो देत नाही. टाकाऊतून नफा निघत असेल तर कंपनी ते आनंदाने करेल. मालक तोच राहतो. सामाईक संपदा मालकीलाच हात घालते, पण ती नाजूक आहे. फड पद्धतीच्याच नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली, शिवारात विहिरी आल्या, आणि ज्याच्या बांधावर स्वतःची मोटर होती त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. बरेच फड असेच मोडले.