कॅट, रोडियम आणि पीयूसीची नळी

‘कॅट बसवला की गाडीचा दम जातो’ हा समज १९७५ सालचा आहे आणि तो अमेरिकेतून आला. १९७०च्या क्लीन एअर अ‍ॅक्टमुळे १९७५च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅट, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसला. त्या वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे दोन्ही एक्झॉस्ट पाइप एकाच कन्व्हर्टरमध्ये आणून सोडले होते आणि तिच्या साध्या व्ही-८ इंजिनाची ताकद होती १६५ हॉर्सपॉवर. स्पोर्ट्स कारवाल्यांनी सगळं खापर कॅटवर फोडलं. खरं तर इंजिनाचं कॉम्प्रेशन १९७१ पासूनच कमी केलं होतं आणि पुढच्याच वर्षी ताकद मोजायची पद्धतही बदलली होती. पण बदनामी एकदा चिकटली ती चिकटलीच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, आजही ती फुकट ऐकायला मिळते.

कल्पना त्याहून जुनी. लॉस एंजेलिसवर धुरकं साचायला लागल्यावर यूजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरने १९५०च्या दशकात मोटारीचा धूर साफ करणारा कन्व्हर्टर तयार केला. पेट्रोलमधल्या शिशाने त्याचा घात केला. कॅटच्या आत धूर साफ करणाऱ्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होतं. म्हणजे आधी पेट्रोल बदलायचं, मगच कॅट.

१९७०च्या दशकात एंगलहार्ड कंपनीत कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांनी थ्री-वे कॅट आणला. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल ही पहिली दोन कामं प्लॅटिनम आणि पॅलेडियम करतात. नायट्रोजन ऑक्साइड्स फोडणं हे तिसरं काम, आणि ते मुख्यतः रोडियम या दुर्मीळ धातूचं. तिन्ही एकत्र साधायची तर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हेच प्रमाण धरून ठेवावं लागतं. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला, पहिल्यांदा कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या १९७७च्या मॉडेलच्या व्होल्वोत.

मुंबईत ही गोष्ट पोचली १ एप्रिल १९९५ला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि तिथल्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आलं. बाकी देश शिशावरच होता. त्यामुळे गणपतीला नवी गाडी कोकणात न्यायची म्हणजे परतीच्या पेट्रोलचा हिशोब आला. वाटेत साधं पेट्रोल भरलं की कॅटचं नुकसान ठरलेलं. देशभर शिसं बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं. दरम्यान मुंबईचा धूर उच्च न्यायालयात पोचला होता. त्या खटल्यातून जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, आणि खासगी गाड्यांचा कॅट चर्चेच्या बाहेरच राहिला.

बाजारात ‘स्पोर्ट्स कॅट’ म्हणून मिळतो त्याची मेख त्याच्या पोटात असते. कंपनीच्या कॅटमध्ये सहसा सिरॅमिकचं पोळं असतं, साधारण चौरस इंचाला ४०० भोकांचं. स्पोर्ट्स कॅटमध्ये पातळ धातूच्या पत्र्याचं, बहुधा २०० भोकांचं. धूर मोकळा जातो, पण प्लॅटिनम-रोडियमसारख्या धातूंचा मुलामा द्यायला जागाही कमी उरते. त्यात रोडियमचा भाव २०२१ साली औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला होता. स्वस्त कॅट बनवणाऱ्याला हात आखडता घ्यायची सगळ्यात सोयीची जागा तीच, आणि आपली पीयूसी नेमकी तिथेच आंधळी आहे. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि फार तर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड्स कुणी मोजत नाही. तेव्हा ‘पीयूसी पास झाली’ हे विकणाऱ्याचं वाक्य खरं असतं, फक्त अर्धं.

अमेरिकेने या बाजाराला १९८६ सालीच नियम घातले. बदली कॅटने किमान २५,००० मैल धूर साफ केलाच पाहिजे, अशी हमी बनवणाऱ्याकडून मागितली. आपल्याकडे कायदा दुसऱ्या टोकाने येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाच्या कलमाखाली १०,००० पर्यंतचा दंड वेगळा. मूळ तपशिलाचा बदली कॅट लावणं ही दुरुस्ती, कॅटच्या जागी सरळ पाइप लावणं हा गुन्हा. स्पोर्ट्स कॅट सोयीने दुरुस्ती म्हणवून घेतो. माझ्या मते ते म्हणणं टिकत नाही.

बदली कॅट घरी बसवायचा म्हणजे मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये, घोडी (जॅक स्टँड) लावावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. खाऱ्या हवेने फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, नट असे धरलेले असतात की आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवावा लागतो. तरी एखादा स्टड तुटतोच. ऑक्सिजन सेन्सरला बहुधा २२चा पाना लागतो, वायरीसाठी खाच असलेली गोटी (सॉकेट) असली तर उत्तम. आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट फक्त आट्यांवर लावावी, सेन्सरच्या टोकाला नाही. गॅस्केट नवंच घालावं. कॅटच्या आधी जोड गळला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं वाचतो.

२०१३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचा धूर स्वतःच तपासायची यंत्रणा, आलं. गाडीचा कॉम्प्युटर कॅटच्या मागचा सेन्सर पुढच्याशी पडताळून पाहतो आणि कॅट कमी पडला की चेक इंजिनचा दिवा लावतो. बिघाडाचा कोड बहुधा पी०४२०. त्यावर मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून लांब धरणारा तुकडा) घालून दिवा गप्प करणारे गॅरेजवाले भेटतात. धूर तसाच राहतो.

भंगारवाला जुन्या कॅटला चांगला भाव देतो, आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमसाठी. पण मूळ कॅट शाबूत असेल तर घाई नको. गाडी विकताना किंवा १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना तोच परत चढवावा लागेल, आणि नव्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.