फोर-हाय की फोर-लो? प्रश्न पकडीचा नाहीच

पाऊस ओसरला की कोकणातल्या जंगलवाटांवर गाड्या निघतात आणि दर खड्या चढावर तोच सल्ला कानावर येतो: "चाकं नुसती फिरतायत, लो टाक, पकड वाढेल." नाही वाढत. थार किंवा जिमनीसारख्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत फोर-हाय (नेहमीचा वेग) असो की फोर-लो (कमी वेग, जास्त जोर), चारही चाकांना ताकद जातेच. पकड असते टायर आणि जमीन यांच्यात. ओल्या जांभ्यावर, कुजलेल्या पानांवर ती जेवढी आहे तेवढीच राहते, हाय-लोचा दांडा कुठेही टाका.

चिखल, वाळू, जिथे थोडा वेग हवा तिथे फोर-हाय. कोरड्या डांबरावर दोन्ही नकोत.

लोमध्ये बदलतं ते गिअरिंग, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं ते. हायपेक्षा लो किती पट हळू, ते गुणोत्तर २०२० च्या थारमध्ये २.४८ आहे, जिमनीत साधारण २. म्हणजे ज्या गिअरला, इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर थार हायमध्ये ताशी १० किमी जाते, तिथे लोमध्ये ताशी ४ किमीने चालते आणि चाकांवर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) येतो जवळपास अडीचपट. आधीच घसरणाऱ्या चाकाला अडीचपट टॉर्क दिला तर ते आणखी जोरात फिरणार, खड्डा खणणार. म्हणून निसरड्या चढावर मी लोमध्ये दुसरा गिअर घेतो आणि रेस अगदी हलकी, एकसारखी ठेवतो. चढताना लो-पहिला (लोमधला पहिला गिअर) मी मोठ्या दगडांसाठी राखून ठेवतो.

आणि लोची खरी किंमत कळते ती उतारावर. इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. चढ संपला की लो काढतात, पाय ब्रेकवर. ओल्या पानांवर ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. आणि न फिरणाऱ्या पुढच्या चाकांना स्टिअरिंग वळवून उपयोग नसतो. लो-पहिल्यात इंजिनच चारही चाकांना धरून ठेवतं. चाकं हळू पण फिरत राहतात, म्हणून गाडी वळते. क्लच मात्र सोडलेला हवा. उतारावर क्लच दाबून बसलेला माणूस पाहिला की माझा जीव खाली-वर होतो, कारण त्या क्षणी त्याने इंजिनाचा आधार स्वतःहून तोडलेला असतो. गाडी पुढे खेचू लागली तर ब्रेक हलकेच, थोडा-थोडा.

चढ अर्ध्यावर सुटला तरी हाच नियम. ब्रेक घट्ट धरा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि सरळ मागे या. उतारावर गाडी आडवी घालून वळवायला जाऊ नका, ती कलंडते.

लो टाकायचं ते पायथ्याशी, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन. मधल्या चढावर अडकल्यावर दांड्याशी झटापट करण्यात गाडी मागे सरकते. आणि राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी त्याही आधी.