फावडं आणि पंगत

मे महिन्यात, विदर्भाच्या ऐन उन्हात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या सोमनाथला तरुण पोरं फावडं मारायला जातात. बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केलेली ही श्रमसंस्कार छावणी. कोकणातला मुलगा, नागपूरची मुलगी, पुण्यातला इंजिनिअरिंगवाला अशी सरमिसळ तिथे नेहमीचीच. ‘विविधता’ हा शब्द आता परिपत्रकांत फार दिसतो, त्यामुळे तो वर्गवारीच्या रकान्यासारखा वाटू लागलाय. पण सेवेच्या शिबिरात वेगवेगळी माणसं मुद्दाम एकत्र आणण्याची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, आणि तिची सुरुवात चक्क फसली होती.

साल १९२०. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. फ्रान्समध्ये व्हर्दँच्या रणभूमीजवळ एन नावाचं खेडं बेचिराख पडलेलं. पियेर सेरेझोल हा स्विस इंजिनिअर तिथे निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांची तुकडी घेऊन गेला. तुकडीत जर्मनही होते, आणि सगळ्या खटाटोपाचा मुद्दा तोच होता. कालपर्यंत ज्या देशाने इथे तोफा डागल्या, त्याच देशाची माणसं आज इथे घरं उभी करणार. काही महिने काम चाललं, पण जर्मनांबद्दलचा रोष एवढा होता की शेवटी गाशा गुंडाळावा लागला. गावाचं तरी काय चुकलं म्हणावं? घरातला माणूस गेलेल्याला ‘हे वेगळे जर्मन आहेत’ हे दोन वर्षांत कसं पटावं!

सेरेझोलने मात्र नाद सोडला नाही. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हा माणूस सहकाऱ्यांसह थेट मुझफ्फरपूरच्या परिसरात येऊन राबला. भारतातल्या मदतकार्याची धुरा तेव्हा राजेंद्रप्रसादांकडे होती.

हा धागा महाराष्ट्रात पोचला तो वरोऱ्याजवळ. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या बाबा आमट्यांच्या आनंदवनाची गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ असते. त्यातला पन्नासच्या दशकातला एक तुकडा मात्र कमी सांगितला जातो. वरोऱ्याचे लोक आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायला धजत नव्हते. अशा वेळी सेरेझोलच्या संस्थेचे स्वयंसेवक तिथे येऊन राहिले. देशोदेशीची ही तरुण मंडळी रुग्णांबरोबर बांधकाम करत होती, आणि त्यांच्याच हातचं जेवतही होती. आधी लोक नुसते बघायला आले. गोरी माणसं इथे खातात-पितात आणि त्यांना काही होत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर भीती ओसरू लागली. यात गोऱ्या कातडीचा दबदबा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण व्याख्यानाने जे साधलं नव्हतं, ते एका पंगतीने साधायला सुरुवात झाली.

अर्थात आपल्याकडची मुळं फक्त परदेशी नाहीत. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. मुलंमुली एकत्र खेळणार, कवायत करणार, शिबिराला जाणार, हेच त्या काळच्या वाड्यांना पचायला जड होतं. त्यात शिबिरात जात विचारायची नाही, सफाई सगळ्यांनी करायची आणि जेवायला एकाच ओळीत बसायचं. साने गुरुजींनी हरिजनांसाठी पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाचं कलापथक गावोगाव त्यांच्यासोबत होतं. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवसांचं उपोषण झालं. पुढे गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं, त्यातही प्रांताप्रांतातल्या मुलांनी एकमेकांची भाषा शिकण्यावर भर होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच सेवा दलाच्या मुशीतले. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं.

बाबांनी या सगळ्याचा पट आणखी मोठा केला. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ची सायकल यात्रा निघाली, काश्मीरच्या दिशेने, पाच हजार किलोमीटरहून जास्त. पंजाब धुमसत होता तेव्हाची ही गोष्ट. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसताही येत नव्हतं, ते गाडीत आडवे होऊन प्रवास करत होते. पथकात तरुण ११६, त्यात मुली १६. आज हा आकडा खटकतो, आणि खटकायलाच हवा. मुलीला चार महिने सायकलवर पाठवणारी घरं तेव्हा किती होती, तेही त्याच आकड्यात दिसतं.

सरकारी वाट २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन निघाली. आज कॉलेजात ‘एनएसएस’ म्हटलं की दत्तक गाव आणि सात दिवसांचं शिबिर डोळ्यांपुढे येतं. गंमत म्हणजे आपल्याकडे त्या शिबिराच्या बॅनरवरही ‘श्रमसंस्कार’ हाच शब्द असतो. अडचण एवढीच की युनिट एका कॉलेजचं असतं. तिथे प्रवेश कोणाला मिळाला, यावर सरमिसळ ठरते. एखाद्या युनिटमध्ये सगळा तालुका सापडतो, एखाद्यात एकाच गल्लीतली पोरं. राष्ट्रीय एकात्मता शिबिरं ती उणीव थोडी भरून काढतात, पण तिथे निवडक मुलंच पोचतात.

बाकीची गावच्या शाळेत सतरंज्या टाकून उतरतात. दिवसभर नाला खोदतात, रात्री पथनाट्य करतात. आणि पहिल्याच संध्याकाळी ओसरीवरचे आजोबा पाण्याचा तांब्या पुढे करता करता सहज विचारतात, “पोरा, आडनाव काय तुझं?”